तपकिरी कॅप्सूल

चाकणच्या कंपनीत माझं काम म्हणजे धातूच्या तयार जॉबवर बोट फिरवून कडेला बर, म्हणजे बारीक धारदार कोर, राहिली आहे का ते बघणं. त्यामुळे कुष्ठरोग झाल्याचं कळलं तेव्हा पहिली धास्ती बोटांची बसली; या रोगात ती बधिर होतात. कुरुळीत आमच्या खोलीजवळच दवाखाना आहे. तिथल्या आरोग्यसेविका ताईंनी वर्षभराचं औषध सुरू केलं. महिन्याचा मोठा डोस त्यांच्यासमोर, रोजच्या गोळ्या घरी. रिकामं पाकीट परत दिलं की पुढचं मिळायचं.

त्यातल्या तपकिरी कॅप्सूलनं कातडी काळवंडते. तिसऱ्या महिन्यात लाइनवरच्या एकानं विचारलं, "राव, भट्टीवर बदली झाली का?" मी हसण्यावारी नेलं, पण जिव्हारी लागलं. मग रोजची कॅप्सूल गुपचूप फेकून द्यायला लागलो. पांढरी गोळी तेवढी इमानदारीत घेतली. स्वतःला फार शहाणा समजत होतो.

औषध संपल्यावर दोन वर्षांनी कानाच्या पाळीवर गाठी आल्या; रोग उलटला होता. ताईंनी कातडीचा बारीक तुकडा तपासणीला पाठवला. जंतूच्या जनुकांवरून म्हणे कळतं, कुठलं औषध त्याच्यावर अजून चालतं ते. एकही चाललं नाही तर बोटं जाणार, आणि बोटांमागे नोकरी. अहवाल येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

अहवालात पांढरी गोळी निकामी निघाली. जोडीचं औषध चुकलं की जंतू उरलेल्या गोळीला सरावतो. महिन्याचं मोठं औषध मात्र चालणार होतं, आणि त्याच्या जोडीला रोज तीच तपकिरी कॅप्सूल. डॉक्टरांनी ताईंनाच धारेवर धरलं, पेशंटवर लक्ष ठेवलं नाही म्हणून. ताई ठामपणे म्हणाल्या की यांनी एकही दिवस चुकवलेला नाही, मी पाकिटं मोजून घेतली आहेत. ते मला ऐकवेना.

"ताई, तपकिरी गोळ्या मी फेकल्या," मी म्हणालो. "काळा पडत होतो म्हणून. तुमची काय बी चूक न्हाई."

आता त्या तोडून बोलणार, असं वाटलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"आहे चूक," त्या म्हणाल्या. "ती गोळी घेणारा माणूस काळवंडतो. तुम्ही उलट उजळत होता. मी पाकिटं मोजत राहिले, तुमच्याकडे बघितलंच नाही."

डॉक्टरांसमोर मला रडू आलं. ताईंनी पाण्याचा ग्लास भरून कॅप्सूल माझ्या हातावर ठेवली.

आज आमच्या लाइनवर सगळ्यात काळा मीच आहे. बोटाला बर टोचली की मी मनातल्या मनात ताईंना हात जोडतो.