लान्स नाईक कैलास आणि पूर्णेचा कडा

मी इन्फंट्रीत बावीस वर्षं नोकरी केली आणि हवालदार म्हणून घरी आलो. गाव बोरी, तालुका जिंतूर. शेवटची सहा वर्षं मी रॉक क्लाइंबिंगचा इन्स्ट्रक्टर होतो. जवान इन्स्ट्रक्टरला उस्ताद म्हणतात. उत्तरेत पुष्कळ कडे चढलो, चढवले. पण लोक मला विचारतात ते एकाच कड्याबद्दल, आणि तो माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सातला ऑर्डर आली. परभणी जिल्ह्यात पूर आहे, फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, पहाटे निघणार. मी क्लाइंबिंगचं सामान मागायला स्टोअरला गेलो. स्टोअरवाला हवालदार म्हणाला, "पुराला चाललात की पहाडावर? परभणीत कुठला पहाड?"

"जिंतूरच्या बाजूला आहे. पूर्णेच्या काठाला सरळ कडा आहे."

"पुराच्या लिस्टमध्ये नाही."

अर्धा तास वाद घातला. शेवटी माझ्या सहीवर एक रोप, दगडात ठोकायचे आठ पिटन, रोप अडकवायचे थोडे कॅराबिनर आणि एक हेल्मेट मिळालं. बाकीचं तिथंच राहिलं. परभणी म्हटलं की लोकांना सपाट काळी जमीनच दिसते, त्याला मी काय करणार?

सकाळी अकराला आम्ही नदीवर पोचलो. कड्याच्या मधोमध एक कपार आहे, तिथं देवीचं छोटं देऊळ. खालून जाणारी पायवाट पाण्याखाली गेली होती आणि कपारीत तीन माणसं अडकली होती. पुजारी अंबादासबुवा, त्यांची बायको आणि सून. सुनेला सातवा महिना होता. कपारीखाली धार इतकी होती की बोट टिकत नव्हती. कड्याच्या माथ्यालाही नाल्यांनी वेढा घातला होता. फक्त डाव्या टोकाला पाणी संथ होतं. तिथं बोट लावायची, साठ फूट कडा चढायचा, माथ्यावरून कपारीत रोप सोडायचा. दुसरा रस्ता नव्हता.

अकरा वीसला मी हे आमच्या कॉलमच्या मेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी रेडिओ घेतला.

उत्तर आलं, "स्टँडबाय. हेलिकॉप्टर येत आहे. आउट."

डोंगरावर ढग टेकले होते. बारा वाजले, एक वाजला. मेजरसाहेबांनी चार वेळा विचारलं, चारही वेळा स्टँडबाय. काठावर गावकरी जमले होते. त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "फौजवाले नुसते उभे राहायलेत." माझीच माणसं, माझीच भाषा. मला मान वर करता येईना.

माझ्यासोबत लान्स नाईक कैलास होता. राणीसावरगावचा, वय एकोणतीस. माझ्या हाताखाली शिकलेल्यांत त्याच्याइतका शांत चढणारा मी पाहिला नाही.

"उस्ताद, पाणी देवळाच्या पायरीला लागलंय."

"दिसतंय."

"मग थांबायलोत कशाला?"

"ऑर्डर न्हाई."

त्याने बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या.

दोन दहाला हेलिकॉप्टर रद्द झालं आणि आम्हाला परवानगी मिळाली. जवळजवळ तीन तास गेले होते, पाऊस एकसारखा चालू होता.

कैलास पुढे चढला. काळा दगड शेवाळून गुळगुळीत झालेला. त्याने पाच पिटन ठोकले आणि पंचवीस मिनिटांत माथा गाठला. मागून मी आणि दोन जवान. वरचा मुरूम पाणी पिऊन सुटला होता, पाय ठेवला की सरकायचा. दोन बाभळींच्या बुंध्यांना रोप बांधून अँकर केला. हेल्मेट कैलासच्या डोक्यावर होतं. खाली उतरणाऱ्यालाच त्याची गरज होती.

कपार माथ्यापासून चाळीस फूट खाली. तो तीन वाजून दहा मिनिटांनी उतरला. सुनेला रोपाचाच हार्नेस करून बांधला, स्वतःचं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर घातलं. आम्ही तिला वर घेतलं. रोपासोबत हेल्मेट खाली सोडलं. मग सासूबाई. पुन्हा तसंच.

अंबादासबुवा हटून बसले. त्यांचा आवाज वर ऐकू येत होता. "देवीला सोडून म्या न्हाई येणार."

"बाबा, देवीचं देवी बघून घेईल. तुमाला पोहता येतंय का?"

"न्हाई."

"मग चला. मला तरी कुठं लय वेळ हाय."

वीस मिनिटं गेली. पाणी कैलासच्या गुडघ्याला लागलं, तेव्हा बुवा उठले. चार वाजून पाच मिनिटांनी ते वर आले. मी त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून रोपाला अडकवलं आणि खाली सोडलं. हेल्मेट निम्म्यावर असताना आमच्या उजवीकडचा काठ सुटला. घागरीएवढा दगड मुरमासकट गेला.

मी ओरडलो, "दगड!"

तो कपारीच्या भिंतीला चिकटला. दगड खडकावर आपटून आत वळला आणि त्याच्या डोक्याला लागला.

मी खाली उतरलो. तो देवळाच्या भिंतीला टेकून पाण्यात बसला होता, डोळे उघडे. मी त्याला पाठीला बांधलं, जवानांनी दोघांना ओढून घेतलं. चार पंचवीसला रेडिओवर म्हणालो, "वन कॅज्युअल्टी, डोक्याला मार, तातडीने हलवायचं आहे, ओव्हर."

"स्टँडबाय."

मी सेट खाली ठेवला. बोट परत डाव्या टोकाला यायला निघाली, पण वरच्या धरणातून सोडलेलं पाणी पोचलं होतं, तिथलाही संथपणा संपला. नाले भरलेले. सुनेनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याने एकदा विचारलं, "तिघं वर आले का?" मी हो म्हणालो. पावणेपाचला तो गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, झाली. मला विचारलं, मृताने हेल्मेट का घातलं नव्हतं? मी सगळं सांगितलं. अहवालात एक ओळ आली, "घटनेच्या वेळी मृताने हेल्मेट घातलेले नव्हते." ओळ खरी आहे. स्टोअरच्या लिस्टबद्दल आणि त्या तीन तासांबद्दल ओळ नव्हती. मी दोन अर्ज केले. दोन्हींना एकच उत्तर, प्रकरण बंद झाले आहे. लवकर चढलो असतो तर काठ टिकला असता का, हे मला आजही सांगता येत नाही. विचारायची सोय मात्र कुणी ठेवली नाही.

निवृत्त झाल्यावर मी राणीसावरगावला गेलो. कैलासच्या बायकोनं, मीरानं, अहवालाचा तो कागद जपून ठेवला होता.

"भाऊ, लोक म्हंतेत, टोपी घातली असती तर वाचला असता. म्हणजे ह्यांचीच चूक का हो?"

मी तिला सुरुवातीपासून सांगितलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "त्या दिशी सकाळी ह्यांचा फोन आल्ता. सुट्टी न्हाई, पण आपल्याच जिल्ह्यात हाय म्हणले." मग म्हणाली, "तुमी जे सांगितलं ते कुटंतरी लिवून ठेवा. माझी पोरगी वाचायला शिकायलीय."

म्हणून लिहिलं. लान्स नाईक कैलास, राणीसावरगाव, तालुका गंगाखेड. त्या दिवशी त्याने हेल्मेट तीन वेळा काढलं आणि तीन माणसं वर पाठवली. त्यानंतर दोन महिन्यांनी अंबादासबुवांच्या घरी नातू झाला.