वहीत न लिहिलेली अंघोळ

तमाम रहिवाशांस कळविण्यात येते की आमच्या मजल्यावर, समोरच्या दारामागे, रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास सव्वा महिन्याच्या एका इसमास अंघोळ घालण्यात येते, आणि सदर इसमाचा या कार्यक्रमास लेखी नसला तरी अत्यंत ठाम विरोध आहे. विरोध तळमजल्यापर्यंत ऐकू येतो. त्याच्या पाठोपाठ कोमट खोबरेलाचा वास जिन्यात उतरतो, आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या त्या जिन्यात, जिथे एरवी चपला आणि फोडणी यांखेरीज कशाचाच वास नसतो, मी हातातली भाजीची पिशवी सावरत उगाच दोन मिनिटं थांबतो.

काल त्या इसमाचे वडील भेटले. यवतमाळकडचा तरुण, कॉम्प्युटरच्या कंपनीतला, डोळ्यांखाली काळं. म्हणाला, "काका, पाणी तर बराबर आहे. थर्मामीटर लावून पाहतो मी. तरी रडूनच राहिला तो."

"अंघोळ घालताना तुम्ही बोलता काय?" मी विचारलं.

"काहीच नाही. टेन्शनच एवढं असते."

तिथेच चुकतं, असं मी त्याला सांगितलं. हे ज्ञान मी कुठे मिळवलं, ते मात्र जिन्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्याकडे असाच एक विरोधक जन्मला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत, पण डॉक्टर पुण्यातले, म्हणून बायको इथेच राहिली आणि साताऱ्याहून सासूबाई आमच्याकडे आल्या. आल्या त्या थोड्या नाराजीनेच. त्यांचं मनगट नुकतंच प्लास्टरमधून निघालं होतं, त्यामुळे तेल लावलेलं निसरडं मूल हातात धरायची त्यांची छाती होत नव्हती. बायकोला पाटावर बसवत नव्हतं. मग लोणी काळभोरहून मावशी येऊ लागल्या. मावशी म्हणजे बाळांना न्हाऊ घालणाऱ्या बाई. पहिल्या बसने यायच्या, पदर खोचायच्या, न्हाणीघरात पाटावर पाय लांब पसरून बसायच्या आणि आमचा मुलगा नडग्यांवर असा आडवा घ्यायच्या की जणू तो त्यांच्या पायांचाच एक भाग होता.

मी हिशोबनीस स्वभावाचा नाही, पण बाप झालो तसा एकाएकी वहीबाज झालो. दाराशी उभा राहून मावशींची सगळी कृती टिपून घेऊ लागलो. कपडे, दुपटं, टॉवेल आधी मांडून ठेवायचे, मग मुलाला उचलायचं. पाणी बोटाने नाही, कोपराने बघायचं. काखेत, मानेच्या वळ्यांत आणि मांडीच्या सांध्यात दूध आणि घाम साठतो, तिथे बोट फिरवायचं आणि नंतर तिथलं पाणी नीट टिपून घ्यायचं. एक हात कायम मुलावर. दारावरची घंटा वाजो नाही तर छत कोसळो, तो हात निघता कामा नये. कानानाकात तेल घालायचं नाही, हे मात्र माझं वाक्य, कारण ते डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ते मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आन् त्या डाक्टरला सोताला किती लेकरं झाली?" पण घातलं नाही. बाटली बाजूला ठेवली आणि बसला निघेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

बोलायच्या त्या मुलाशी. अंघोळ सुरू झाली की सुनेचं गाऱ्हाणं सुरू. "सुनंला म्हनलं, भाकरी थाप. तर म्हनती, हात दुखत्यात. आता दुखनाऱ्या हातानं तासभर येनी कशी घालती गं तू?" एकसुरात, पाण्याच्या तांब्यागणिक एक वाक्य. मुलगा डोळे मिचकावत ऐकायचा. हे सगळं मी अर्थातच वहीत घेतलं नाही. शास्त्र तेवढं घेतलं, बडबड वगळली. सुशिक्षित माणूस कुठे चुकतो, याचा इतका स्वच्छ नमुना मी पुन्हा पाहिलेला नाही.

मुलगा दोन महिन्यांचा झाला आणि मावशींनी सांगितलं की उद्यापासून यायच्या नाहीत. सून बाळंत झाली होती. तीच ती, वेणीवाली. "माहेरी नाय धाडली. तिकडं कोन बघनार तिला? तिला काय कळतंय," असं म्हणत त्या घाईने बस गाठायला गेल्या.

त्या जिना उतरत नाहीत तोच सासूबाईंनी निर्णय दिला. "रविवारी मी दोघांना साताऱ्याला घेऊन जाते. तिथे खात्रीची बाई आहे. तीन महिने राहतील. इथे कोण घालणार अंघोळ?"

"मी घालीन," मी म्हणालो.

"आपण?" त्या म्हणाल्या. आणि माझ्या हातांकडे बघून, "बरं. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी परीक्षा. सासूबाई दाराशी, बायको टॉवेल घेऊन त्यांच्या मागे, वही खिडकीत उघडी. माझे गुडघे सरळ होईनात, ते कसेबसे केले. पाणी कोपराने पाहिलं. मुलाला पायांवर घेतलं, पहिला तांब्या घातला आणि तो असा रडू लागला की शेजारच्यांनी रेडिओ बंद केला. मी वहीत पाहिलं. सगळं बरोबर होतं. दुसरा तांब्या, आणखी वरचा सूर. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "रविवारची सकाळची गाडी बरी पडेल."

तेव्हा मला सुचलं. मी मावशींच्या सुरात भाकरी, वेणी, दुखणारे हात, जे आठवेल ते म्हणू लागलो. मुलगा हुंदका अर्ध्यात ठेवून थांबला. पण दुसऱ्याची सून किती पुरणार? दोन तांब्यांत संपली. त्याचा ओठ पुन्हा थरथरू लागला आणि माझ्या तोंडातून, सर्वांत जवळ जे माणूस उभं होतं, तेच बाहेर पडलं.

"काय सांगू बाळा, आजी आल्या आणि माझा टॉवेल गॅलरीत गेला तो परत आत येईना. चहा मी करतो. आजी तो सगळा पितात आणि कप खाली ठेवताना म्हणतात, पाणचट झालाय. आधी नाही सांगत. माझ्या आईने लाडू पाठवले, तर चांगले आहेत हो म्हणाल्या आणि डबा फळीवर पार मागे सरकवला." मुलगा टक लावून ऐकत होता. मागे बायकोने टॉवेल तोंडात कोंबल्याचं मला दिसलं. थांबता येत नव्हतं, थांबलो की तो रडे. "साताऱ्याची हवा, साताऱ्याचं पाणी. आम्ही काय इथे धूर पितो? आणि आता तुला न्यायला निघाल्या. मला विचारलं? तीन महिन्यांनी तू मला ओळखशील का रे? संध्याकाळी घरी येऊन मी कुणाकडे बघू?"

इथे माझा आवाज गेला. हे काही मी ठरवलेलं नव्हतं.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो मुलगा दाढी राखून आहे आणि अंघोळीला बसला की पाऊण तास बाहेर येत नाही. वही केव्हाच रद्दीत गेली. इतकं सगळं निसटल्यावर मागे उरलाय तो पाण्याचा तांब्या हातात अधांतरी धरून बसलेला एक बाप. मुलाचा चेहरा रडण्यासाठी आक्रसत चाललेला. मान वर करायची मला हिंमत झाली नाही. मग सासूबाईंनी पदर खोचला, दोन पावलं आत आल्या आणि म्हणाल्या,

"अहो जावईबापू, थांबता काय? बोला पुढे, पाठ राहिलीय अजून त्याची."