ओळीत सोडलेली जागा

आमच्या कॉयरच्या, म्हणजे समूहगान मंडळाच्या, दुसऱ्या ओळीत, माझ्या डाव्या हाताला, एका माणसाची जागा कायम मोकळी असायची. नवीन आलेला माणूस हमखास तिथंच जाऊन उभा राहायचा. मग कॉयर चालवणाऱ्या बाई नुसती भुवई उचलायच्या आणि तो बिचारा काही न कळता बाजूला सरकायचा. कितीतरी वर्षं मी त्या मोकळ्या जागेशेजारी उभी राहून गायले. आता मी तिथं जात नाही. का जात नाही हे सांगायला बसले की मला अजूनही राग येतो, आणि राग आला की माझं बोलणं लांबतं, तेव्हा सांभाळून घ्या.

हॅम्बर्गला मी नोकरीसाठी आले, सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्याच हिवाळ्यात घर आणि ऑफिस, ऑफिस आणि घर, वरून पाऊस, असं करून वेड लागायची पाळी आली. तेव्हा लायब्ररीत एक कागद डकवलेला दिसला. यिद्दिश कामगार गीतं गाणारा कॉयर, आवाज नसला तरी चालेल. ही अट मला सोयीची होती. यिद्दिश म्हणजे युरोपातल्या ज्यूंची घरातली भाषा, जर्मनची चुलत बहीण म्हणा. सोलापूरच्या गिरणी कामगाराची मुलगी त्या भाषेत संपाची गाणी गाते हे ऐकून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, गणपतीच्या आरत्या तरी धड पाठ आहेत का तुला?"

कॉयर चालवायच्या त्या बाई नव्वदीला टेकलेल्या. सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. माझ्या जिभेला ते जमेना, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शाळेतल्यासारखं 'बाई'च म्हणायचे. त्या मूळच्या कॅनडातल्या, मॉन्ट्रियलच्या. संगीत शिकायला तरुणपणी पूर्व बर्लिनला आल्या आणि मग जर्मनीतच राहिल्या. त्यांचे वडील कोटांच्या कारखान्यात इस्त्री करायचे, आई टोप्या शिवायची. घरात देव नव्हता, देवाच्या जागी कम्युनिस्ट पक्ष होता, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या. शाळा सुटली की पोरांची दुसरी शाळा, यिद्दिशची. रविवारी मँडोलिनचा वाद्यवृंद. उन्हाळ्यात तळ्याकाठी छावणी, तिथं पोरं एकमेकांना 'कॉम्रेड' म्हणत चेंडू फेकायची. आणि या सगळ्याच्या वर कॉयर. पोलिसांनी एकदा त्यांच्या सभागृहाला कुलूप ठोकलं, तर मंडळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमून गायला लागली. शेजाऱ्यांनी तक्रार करू नये म्हणून दबक्या आवाजात. "म्हणून आमच्याइतकं हळू गाणारा कॉयर साऱ्या कॅनडात नव्हता," असं बाई मोठ्या ऐटीत सांगायच्या.

त्या कॉयरची एक रीत होती. वार्षिक कार्यक्रमात शेवटचं गाणं सुरू झालं, की पूर्वी कधीही कॉयरमध्ये गायलेला माणूस प्रेक्षकांतून उठून स्टेजवर यायचा. बोलावणं लागायचं नाही. कुणी म्हातारपणानं गाणं सोडलेलं असायचं, कुणी लेकराबाळांत अडकलेलं. ओळीनं सरकून त्याला जागा करून द्यायची. एकदा आमच्यात गायला तो कायमचा आमचा.

मग मॉस्कोहून बातम्या आल्या. ज्या यिद्दिश कवींची गाणी हा कॉयर गात होता, त्यांतल्या काहींना तिथल्या सरकारनं केव्हाच गोळ्या घातल्या होत्या. इकडे ही मंडळी त्याच कवींची गाणी म्हणत त्याच सरकारचे गोडवे गात होती. बाईंच्या वडिलांनी भर सभेत विचारलं, आपल्या पुढाऱ्यांना हे ठाऊक होतं का? उत्तरादाखल वडिलांनाच शत्रूचा हस्तक ठरवून बाहेर काढलं.

त्या वर्षीच्या कार्यक्रमाला ते तरीही गेले. शेवटचं गाणं सुरू झालं तसे उठले, कोट काढून शेजारी बसलेल्या मुलीच्या मांडीवर ठेवला आणि स्टेजच्या पायऱ्या चढले. ओळ सरकली नाही. गाणं संपेपर्यंत ते वरच्या पायरीवर तसेच उभे होते. हे सांगताना बाई दोन्ही हात मांडीवर असे ठेवायच्या, की कोट अजून तिथंच आहे. "लोकरीचा होता, जड," त्या म्हणायच्या. "इस्त्रीच्या वाफेचा वास यायचा त्याला." आमच्या दुसऱ्या ओळीतली ती मोकळी जागा त्यांच्या वडिलांची होती.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रडले. आणि मग नवऱ्यालाही धड न सांगितलेली गोष्ट मी त्यांना सांगून टाकली, माझ्या बाबांची.

बाबा सूतगिरणीत होते आणि युनियनच्या कलापथकाचे शाहीर होते. गेटसभेला आधी त्यांचा पोवाडा, मग पुढाऱ्यांचं भाषण. लोक पोवाड्याला जमतात आणि भाषणाला पांगतात, असं आई चिडवायची. एका संपात पुढाऱ्यांनी मालकाशी परस्पर तडजोड केली. कामगारांना कळलं तेव्हा सगळं ठरून गेलेलं. बाबांनी सभेत जाब विचारला आणि त्यांच्यावर मालकाचा माणूस म्हणून शिक्का बसला. आमच्या घरी पंगतीला बसलेली माणसं रस्त्यात मान वळवून जायला लागली. पुढच्या मे दिनाला कलापथक आमच्या दारावरून गात गेलं. बाबा दारात उभे होते. कुणी थांबलं नाही, कुणी सूरही खाली आणला नाही. त्या दिवशी बाबांनी डफ खुंटीला टांगला तो टांगलाच. मी शाळकरी होते. त्यानंतर मी त्यांना गाताना ऐकलेलं नाही, अगदी आंघोळ करतानासुद्धा नाही. तो आवाज एकदा तरी पुन्हा कानावर पडावा, एवढी एकच हाव मी इतकी वर्षं बाळगून होते.

बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बोलाव त्यांना. ती जागा त्यांचीच आहे."

बाबांना तयार करायला मला फार बोलावं लागलं नाही. फोनवर बाईंच्या वडिलांची गोष्ट सांगितली. मग त्यांनी विचारलं, "कोट पोरीकडं दिला होता म्हणालीस?"

"हो बाबा."

"बरं. येतो."

गेल्या ऑक्टोबरात ते आले. बॅगेतून शेंगाचटणी निघाली, कडक भाकऱ्या निघाल्या, आणि दोन धोतरांच्या मध्ये गुंडाळलेला डफ निघाला. तो आणा असं मी म्हटलंही नव्हतं. हॅम्बर्गच्या ओल्या हवेत त्याचं कातडं पार सैल पडलं. सोलापूरला बाबा तो पाल्याच्या जाळावर शेकायचे. इथं जाळ केला असता तर अग्निशमन दल दारात. मग त्यांनी डफ हायत्सुंगवर, म्हणजे भिंतीतल्या हीटरवर, उभा करून ठेवायला सुरुवात केली. मधूनमधून जाऊन टिचकी मारून बघायचे. डफ तयार झाला का, असं माझी लेक जर्मनमध्ये विचारायची, "आजोबा, इस्ट एअर फेर्टिग?" बाबांना जर्मनचं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते बरोबर उत्तर द्यायचे, "अजून नाही गं, पोळला पाहिजे जरा."

तालमींना ते माझ्याशेजारच्या जागेत उभे राहिले. ठेका धरला, नुसता ठेका. बाई म्हणाल्या, आवाज? मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "आवाज कार्यक्रमाला." शेवटच्या गाण्यात दोन कडवी संपली की मध्ये त्यांनी पोवाड्याच्या चार ओळी म्हणायच्या, असं ठरलं होतं. मी ऑफिसात बसून त्या चार ओळींची वाट बघायचे. कोड कोण लिहीत होतं देव जाणे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शेवटची तालीम होती. बाईंची धाकटी बहीण खास मॉन्ट्रियलहून आली होती, तीही आजीबाईच, पण तुरुतुरु चालणारी. कॉफी झाल्यावर आम्ही दोघी मागच्या स्वयंपाकघरात कप धूत होतो. बाबा बाहेर डफाला फडकं गुंडाळत होते. मी सहज म्हणाले, "उद्या तुमच्या वडिलांच्या जागी माझे बाबा असतील. तुमच्या बहिणीनं तो कोट मांडीवर घेतला होता ना, ते ऐकल्यापासून मला..."

"कोट माझ्या मांडीवर होता," ती म्हणाली.

मला वाटलं, म्हातारपणी विसरत असेल. मी विचारलं, "मग तुमची बहीण कुठं बसली होती?"

"बसली कशाला असेल? ती कॉयरमध्ये होती. स्टेजवर. ओळीच्या टोकाला, पायऱ्यांपाशी. वडील तिच्याकडे बघतच गेले. त्यांना वाटलं, बाकी कुणी नाही तरी मुलगी आत सरकेल. ती सरकली, पण पायऱ्यांच्या बाजूला. वाट अडवून उभी राहिली. अख्खं गाणं दोघं समोरासमोर. ती गात होती." तिनं हातातला कोरडा कप पुन्हा पुसला. "तुला ती असं सांगते? कोट तिच्याकडे होता म्हणून?"

मी ओल्या हातांनीच बाहेर आले. बाई गाण्यांचे कागद पिशवीत भरत होत्या. मी आडवळण घेतलं नाही. विचारलं, "कोट कुणाकडे होता?"

बाई खुर्चीत बसल्या. स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांनी एकदा बघितलं. "मला वाटलं होतं, वडीलच चुकलेत," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांची होते मी. मला खरंच तसं वाटलं होतं. नंतर ते गेले, आणि मग कधीतरी कुणाला तरी सांगताना मी गोष्टीत स्टेजवरून खाली प्रेक्षकांत येऊन बसले. इतक्यांदा सांगितलंय, की आता मला मांडीवर वजन जाणवतं."

त्यांनी माझं मनगट धरलं. "तुझ्या वडिलांना आज सांगू नकोस. उद्या गाऊ देत त्यांना. मग सांग."

आता हे ऐका. माझ्या बाबांच्या पाठीमागे परस्पर ठरवणारी ही दुसरी मंडळी. आधी पुढारी, आता या. आणि मी? ज्यांच्यापाशी मी मन मोकळं केलं, माझ्या घरचं सगळ्यांत नाजूक दुखणं ज्यांच्या ओटीत टाकलं, त्या आमच्या दारावरून गात गेलेल्यांतल्या निघाल्या. आमच्या दारात उभ्या राहिलेल्यांतल्या नव्हेतच. वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडे बघून म्हणत होते, बाईंना कळतं. कळत होतंच म्हणा. दाराच्या त्या बाजूनं कळत होतं.

खोटं कशाला सांगू, मोह झाला. गप्प बसले असते तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बाबांचा आवाज ऐकायला मिळाला असता. सगळी रात्र मी त्या चार ओळींसाठी स्वतःशी भांडले. पण सकाळी चहाला बाबा समोर बसले, बशीत चहा ओतला, आणि मला ते दारात उभे असलेले दिसले. मी सांगून टाकलं. कोट, बहीण, पायरी, सगळं.

बाबांनी चहा संपवला. उठून हायत्सुंगवरचा डफ उचलला आणि टिचकी मारली. बरोबर बोलला तो, खणखणीत.

"जायचं का मग?" मी विचारलं.

"जायचं की. येतो म्हणून शब्द दिलाय."

कार्यक्रमाला बाबा तिसऱ्या रांगेत बसले, राखाडी स्वेटर घालून, डफाची पिशवी मांडीवर. शेवटच्या गाण्यात त्यांनी प्रेक्षकांतून उठून यायचं, ही बाईंचीच कल्पना. गाणं सुरू झालं. दोन कडवी झाली. बाईंनी हात वर करून आम्हाला थांबवलं, प्रेक्षकांकडे वळल्या आणि बाबांच्या दिशेनं हात पुढे केला. शिकवल्याप्रमाणे आमची ओळ उघडली. माझ्या डावीकडे जागाच जागा झाली.

बाबा उभे राहिले. पिशवी खुर्चीवर ठेवली. बाईंकडे बघून त्यांनी हात जोडले, अगदी नीट, घरी आलेल्या पाहुण्याला जोडतात तसे. आणि खाली बसले.

मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं हे कार्यक्रमातलंच. बाईंचा हात तसाच पुढे होता. पहिल्या रांगेत त्यांची बहीण मांडीकडे बघत बसली होती. शेवटी बाई वळल्या, हात उचलला आणि तिसरं कडवं सुरू झालं. मी नुसते ओठ हलवले.

घरी येताना आम्ही बंदरातून सुटणारी फेरीबोट पकडली. आत ऊब होती तरी बाबा बाहेर कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागोमाग गेले. मला बाईंचा राग आला होता, आणि आता बाबांचाही येत होता. लहान मुलीसारखं रडू येत होतं.

"बाबा, त्यांचं जाऊ द्या," मी म्हणाले. "निदान माझ्यासाठी तरी गायचं होतं. किती वाट बघितली मी."

बाबांनी पिशवी काखेत घट्ट धरली. पाऊस डफाला लागू नये म्हणून तिच्यावर हात आडवा धरला.

"ठाऊक आहे गं," ते म्हणाले. "पण त्या बाई मला बोलवत नव्हत्या. त्यांच्या बापाला बोलवत होत्या. आणि तो बिचारा एकदा उठून आला होता की."