सुलभाताई शांत झाल्या

चहा घ्या आधी. अर्धा कप तरी पोटात जाऊ द्या, मग सांगते. मागे हा किस्सा ऐकताना शेजारच्या काकूंनी आपल्याच नव्या सोफ्यावर चहा सांडला, आणि राग मात्र अजून माझ्यावर धरून बसल्यात.

तर मंडळी, मी एका धडधाकट बाईला भर दुपारी मारलं. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, अर्ध्या स्टाफच्या डोळ्यांदेखत! आणि तेही कशासाठी? तर तिला जगवण्यासाठी!

हसू नका. नीट सुरुवातीपासून ऐका.

मी तिथे मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. नीता सिस्टर म्हणतात मला. राहते प्रभादेवीला. माझ्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती साक्षात बाप्पा आला तरी निघत नाही, असं आमच्या ह्यांचं मत आहे. त्या दिवसांत माझ्या डोक्यात शिरली होती विश्रांती.

झालं काय होतं, आमची प्रियांका, नवीन स्टाफ नर्स, औषधांच्या ट्रॉलीशेजारी चक्कर येऊन पडली. सकाळपासून पाण्याचा घोट नाही, डबा तसाच बंद. तोंडावर पाणी मारलं, पोरीने डोळे उघडले आणि पहिला शब्द काय बोलली असेल?

"सॉरी, सिस्टर."

पडल्याबद्दल सॉरी! माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे रीतच अशी आहे हो. ड्युटीवर बसलेली नर्स म्हणजे कामचुकार नर्स. पेशंट झोपलेला चालतो, नातेवाईक झोपलेला चालतो, वॉर्डातली मांजर तर राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या पायाशी झोपते. सिस्टरने टेकलं की लगेच, "काय सिस्टर, आज काम कमी वाटतं?"

त्यात आमचं एक ट्रेनिंग झालं. विषय बर्नआऊट. वेळ कोणती? ड्युटी सुटल्यावरची! दमलेल्या बायकांना लाकडी बाकावर बसवून सांगत होते की दमू नका. पण एक मुद्दा मला पटला. दिवसातून थोडा वेळ माणसाने खरंच आडवं व्हावं, डोळ्यांवर गार कापूस ठेवावा आणि कुणाचंही काही ऐकू नये.

मी दुसऱ्याच दिवशी मेट्रन मॅडमच्या केबिनमध्ये.

"मॅडम, जिन्याखालची भांडाराची खोली द्या. सिस्टर लोकांना टेकायला."

"टेकायला? कधी?"

"आळीपाळीने. ड्युटीतच."

मॅडमनी चष्मा काढला. मॅडमनी चष्मा काढला की आमच्याकडे भलेभले डॉक्टर गप्प होतात. पण मी हलले नाही.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "एक आठवडा देते. शेवटच्या दिवशी दुपारी मी स्वतः बघायला येणार. खोली रिकामी दिसली, तर भांडारातल्या त्या मोडक्या खाटा परत आत टाकायच्या. आणि मग हा विषय माझ्यापुढे पुन्हा आणायचा नाही."

मंजूर! मी आणि प्रियांकाने खोली धुतली, दोन खाटा टाकल्या, पांढऱ्याशुभ्र चादरी घातल्या. दाराला पाटी लावली, 'विश्रांतीकक्ष. मोबाइल बाहेर ठेवावा.'

आणि मंडळी, तिकडे काळं कुत्रं फिरकेल तर शपथ!

"सिस्टर, उद्या नक्की हां." "सिस्टर, आज दोन ॲडमिशन आहेत." "सिस्टर, मी बसले आणि कुणी बघितलं तर?" अगं बघितलं तर काय! ती खोली बसण्यासाठीच आहे! पण नाही. मी रोज दारात उभी, लग्नाच्या हॉलबाहेर पाहुण्यांची वाट बघणाऱ्या वधूपित्यासारखी, आणि पाहुणे समोरून पळत पळत जातायत.

मग माझ्या लक्षात आलं. सगळ्या जणी बघतायत सुलभाताईंकडे.

सुलभाताई आमच्या वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. लालबागच्या चाळीतल्या. सासरे गिरणीत होते, त्यांचं वाक्य ताई येताजाता ऐकवायच्या, "भोंगा झाल्याबिगर बसायचा नाय." ह्या बाईला मी ड्युटीवर बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. चहा उभ्याने, डबा उभ्याने. अलीकडे पाय सुजायचे, पण विचारलं की म्हणायच्या, "माका काय धाड भरलीय?" आता ताई बसल्या नाहीत तर प्रियांका कशी बसेल, सांगा मला!

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी मॅडम येणार. खोली रिकामी. मी ठरवलं, आज सुलभाताईंना आडवं करायचं म्हणजे करायचं.

"ताई, जरा खोलीत येता? पंखा कसला तरी आवाज करतोय."

ताई आत आल्या, मी दाराला पाठ लावून उभी.

"पंखा तर बरोबर आहे."

"हो. तुम्ही बरोबर नाही. झोपा."

"नीता, येड लागलंय का? माझे पेशंट..."

"प्रियांका बघतेय. झोपा!"

काय झटापट झाली म्हणून सांगू! शेवटी खांदे धरून आडव्या केल्या, चपला काढल्या, डोळ्यांवर गार पाण्याचे कापसाचे बोळे ठेवले. पंख्याचा वारा लागू नये म्हणून चादर पार हनुवटीपर्यंत ओढली. खोलीला भांडाराचा जुना वास येत होता, म्हणून एक अगरबत्ती लावली. स्टूल एकच होतं आणि ते उशाशी होतं, म्हणून अगरबत्ती उशाशी.

ताई पुटपुटल्या, "सातच्या बेडचं सलाईन... संपत येईल गं..." आणि घोरायलाही वेळ न घेता गाढ झोपल्या.

खरं सांगते, मला रडू आलं. इतकी वर्षं ह्या बाईच्या कपाळावर दोन आठ्या मी पाहत आले होते, त्या पाच मिनिटांत गेल्या होत्या. वाटलं, आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी हे बघायला हवं. मॅडमनी तर बघायलाच हवं. ताई झोपू शकतात तर कुणीही झोपू शकतं!

मी एक फोटो काढला आणि हॉस्पिटलच्या ग्रुपवर टाकला. आता ग्रुपवर मॅडम, मोठे डॉक्टर, सगळे. 'ताई झोपल्या' असं कसं लिहिणार? ड्युटीवर झोपल्या म्हणून मेमो यायचा. म्हणून जरा भारदस्त शब्द योजले. शाळेत मराठीला मला नेहमी चांगले मार्क असायचे, सगळा घात त्यानेच केला. मी लिहिलं,

'आपल्या सर्वांच्या लाडक्या सुलभाताई आज दुपारी शांत झाल्या. इतक्या वर्षांची धावपळ अखेर थांबली. चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. सर्वांनी जिन्याखालच्या खोलीत येऊन एकदा बघून जावे. आवाज करू नये. फुले आणली तरी चालतील.'

काय? चहा सांभाळा म्हटलं ना!

फुलं का, तर खोलीचा पहिला उपयोग केला म्हणून ताईंचा छोटासा सत्कार करायचा बेत होता माझा. आणि पाटीवरचा नियम मीच केलेला, म्हणून फोन बंद करून बाहेरच्या टेबलाच्या खणात टाकला. तिकडे ग्रुपवर हात जोडलेल्यांच्या रांगा लागल्या आणि इकडे मला पत्ता नाही.

पहिले आले पांडुरंग मामा, आमचे वॉर्डबॉय. दारातूनच आत बघितलं, टोपी काढली.

"कधी झालं, सिस्टर?"

"आत्ताच, अर्धा तास झाला असेल."

"त्रास झाला का फार?"

"सुरुवातीला खूप केला हो! हातपाय झाडत होत्या. मी दाबूनच धरलं."

मामा एक पाऊल मागे सरले.

"दाबून?"

"मग काय! म्हटलं आज सोडायचंच नाही. बरेच दिवस मनात होतं माझ्या."

मामांनी भिंतीचा आधार घेतला. मला वाटलं, बिचारे तेही दमलेत. मी प्रेमाने म्हटलं, "मामा, घाबरू नका. उद्या तुमचा नंबर लावते."

मामा जे पळाले!

मग रीघ लागली. एक्स-रेवाले, लॅबवाले, कँटीनचे अण्णा. जो तो खाली मान घालून येतोय, हात जोडतोय. मी मनात म्हणते, बघा, विश्रांतीला किती मान मिळाला! अण्णांनी नाक्यावरून चांगला जाडजूड हार आणला. अण्णा म्हणाले, "सिस्टर, कँटीन बंद ठेवलंय दिवसभर." मी म्हटलं, "इतकं कशाला? पण चांगलं केलंत, तुम्हीही टेका जरा."

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात एकालाही नाडी बघावीशी वाटली नाही? अहो, इन्चार्ज सिस्टरने फोटोसकट कळवल्यावर कोण नाडी बघणार? शिवाय मी एकालाही आत सोडत नव्हते. लांबूनच बघा, त्यांना उठवू नका, म्हणत होते. त्यावर एक्स-रेवाली मुलगी माझ्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली. म्हणाली, "सिस्टर, स्वतःला सावरा."

मग मॅडम आल्या. डोळे लाल. आत गेल्या, ताईंकडे बघितलं आणि समोरच्या रिकाम्या खाटेवर मटकन बसल्या.

"शेवटचं काही बोलल्या का?"

"हो मॅडम. सातच्या बेडचं सलाईन बघा म्हणाल्या."

मॅडमनी चष्मा काढला आणि चक्क रुमालाने डोळे पुसले. "आपण ह्यांना कधी बसूच दिलं नाही हो, नीता सिस्टर," म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, जिंकले. खोली आपली झाली.

तेवढ्यात बाहेर कल्ला. पांडुरंग मामांनी लालबागला फोन केला होता. ताईंचे मिस्टर, दत्ताराम भाऊ, चाळीतल्या दहा माणसांना घेऊन धावत आले. भाऊ दारातच खाली बसले.

"अगो सुलभा! सकाळी मी तुझ्यार वरडलंय गो! बांगड्याच्या तिखल्यात मीठ कमी म्हणान वरडलंय! आता माका कोण करून घालतला?"

तेव्हा, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शांत झाल्या. धावपळ थांबली. फुले. अगरबत्ती. अगं आई गं! पायाखालची जमीन म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, कारण ती नव्हतीच.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून खणखणीत आवाज आला.

"मीठ बरोबर होता! तुमचा तोंडच अळणी!"

आणि ताई ताडकन उठून बसल्या. डोळ्यांवरचे कापसाचे बोळे टपाटपा मांडीवर पडले. त्यानंतर जो काही गोंधळ झाला! एक्स-रेवाली किंचाळली. अण्णा हारासकट जिन्यावरून वर पळाले. चाळीतल्या एका आजोबांनी रामनाम सुरू केलं. दत्ताराम भाऊ मात्र तसेच पुढे आले, ताईंचे दोन्ही हात धरले आणि भर गर्दीत म्हणाले, "जिती आसस मगे! मीठ बरोबर होता, बाय. एकदम बरोबर होता."

ताईंनी आजूबाजूला बघितलं. फुलं, अगरबत्ती, रडणारी माणसं. म्हणाल्या, "कोण गेलं? कुठल्या बेडचा?"

मी म्हटलं, "ताई, तुम्हीच."

पुढची दहा मिनिटं मी सांगत नाही. एवढंच सांगते, की मालवणीत इतके शब्द असतील हे मला माहीत नव्हतं.

सगळे पांगले. ताई खाटेखाली चपला शोधत होत्या, मॅडम अजून समोरच्या खाटेवरच. मी मान खाली घालून उभी. झालं, संपलं! मोडक्या खाटा परत आत, आणि प्रियांका पुन्हा ट्रॉलीशेजारी पडून सॉरी म्हणणार. मला ते काही केल्या चालणार नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, मला काय मेमो द्यायचा तो द्या. खोली काढून घेऊ नका. ताई खरंच झोपल्या होत्या हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मॅडम हळूच गादीवर हात फिरवत म्हणाल्या, "मीही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसलेय इथे दुपारची. बरं वाटतंय." आणि उठल्या. "खोली राहू दे. उद्यापासून प्रत्येकीची वेळ मी स्वतः लावून देते. कुणी आली नाही तर मला सांगा."

मी उडी मारायचीच बाकी होते!

"पण पहिला नंबर तुमचा. आत्ता. झोपा."

"मी? मॅडम, मला काय गरज? मी एकदम ठणठणीत आहे!"

"नीता सिस्टर," मॅडम चष्मा लावत म्हणाल्या, "समोरची बाई नुसती झोपलीय, आणि तिच्याबद्दल जगाला काय कळवायचं ते ज्या डोक्याला सुचत नाही, ते डोकं ठणठणीत नसतं."

मॅडमचा मान म्हणून दोन मिनिटं आडवी झाले. उशीला डोकं लावून मी ताईंना समजावतच होते, की बघा ताई, दमले मी नाहीये, दमल्या तुम्ही सगळ्या आहात, माझी गोष्ट वेगळी आहे...

डोळे उघडले तेव्हा खोलीत मी एकटीच. ड्युटी कधीच संपलेली, दुसऱ्या पाळीने चार्जही घेतलेला. कुणी मला उठवलं नव्हतं. धडपडत बाहेर आले, तर दाराबाहेर दोन नातेवाईक बायका तोंडावर बोट ठेवून चवड्यांवर चालत होत्या. मागे वळून बघितलं. माझ्या पाटीखाली सुलभाताईंच्या ठसठशीत अक्षरात नवीन कागद चिकटवला होता,

'आत नीता सिस्टर झोपल्या आहेत. फक्त झोपल्या आहेत. फुले आणू नयेत.'