काठोकाठ पियाली

ताश्कंदमध्ये ओयनिसोओपाचं स्वतःचं घर होतं, अंगणात द्राक्षाचा मांडव होता. बालवाडीत मुलांना शिकवून ती निवृत्त झाली होती; सगळे तिला मानाने 'ओपा', म्हणजे थोरली बहीण, म्हणत. तरी टीव्हीवरच्या मालिकेत तिला मोलकरणीचंच काम दिलं.

"तुम्ही गरीब वाटतच नाही, ओपा," दिग्दर्शक म्हणाला. "जरा वाका. मान वर नको."

ती वाकली. त्या मालिकेतल्या बंगल्यात तिला नाव नव्हतं. चहा ओतायचा, दाराशी उभं राहायचं. तिच्याकडे कुणी बघायचं नाही, असंच ठरलेलं. आणि पियाली काठोकाठ भरायची.

"अहो, पाहुण्याला अर्धी देतात," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "भरून दिली म्हणजे 'प्या आणि निघा'!"

"अर्धी टीव्हीवर रिकामी दिसते, ओपा. श्रीमंताघरी सगळं कसं ओसंडलं पाहिजे."

वर्षं गेली. बाजारातली नानवाली चिडवायची, "काय गं, आज बंगल्यातून सुट्टी?" ओपा हसायची. एकदा हसली नाही. म्हणाली, "दुपारपर्यंतच."

मग पाठ घरीही सरळ होईना. डॉक्टर म्हणाले, हाडं ठणठणीत आहेत.

वसंतात तिच्या एकुलत्या एका मुलीला, दुर्दोनाला, मागणी घालायला शहराच्या दुसऱ्या टोकाहून मुलाची आई आणि मावशी आल्या. दुर्दोनाचा त्या मुलावर जीव जडला होता. रीतीप्रमाणे ती मागच्या खोलीत दार लावून बसली.

दार ओपाने उघडलं. बायका तिला ओलांडून गेल्या आणि मानाच्या जागी बसल्या. ओपा दाराशी उभी राहिली. आपण बसायला हवं, हे तिला कळत होतं. पाय हलेनात.

"मुलीची आई कुठे आहे?" मुलाच्या आईने तिच्याकडे न बघताच विचारलं.

ओपाने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. मालिकेत या जागी तिला वाक्य नसायचं.

तिने चहा ओतला. हात थांबेना. पियाली काठोकाठ भरली, चहा पुढ्यात अंथरलेल्या दस्तरखानावर उतरला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मावशी उठली.

"कळलं हो. तुझ्या मालकिणीला सांग, निरोप पोचला. तोंडदेखलं यायचेही कष्ट घेतले नाहीत, उपकार झाले!"

"सांगते, बाईसाहेब." आता आवाज स्वच्छ आला.

फाटक आपटलं. दुर्दोना धावत बाहेर आली. "आई, इतक्यात गेल्या? काय म्हणाल्या?"

ओपा वाकून चहा टिपत होती. तिने वर पाहिलं नाही.

"ताई," ती अदबीने म्हणाली, "बाईसाहेब घरी आल्या की त्यांनाच विचारा."