खिडकीत वाळवलेले तुकडे

ही गोष्ट मी घरातही कुणाला सांगितलेली नाही. जुन्या कंपनीचा विषय निघाला की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो, नाहीतर चहा मागायचो. अशी कितीतरी वर्षं गेली. आता कंबरेच्या हाडाला चीर गेली आहे, वॉकरशिवाय उभं राहता येत नाही. भूगावच्या या फ्लॅटमधून एकट्याने जाता येतं ते लिफ्टने खाली, इमारतीतल्या मेडिकलपर्यंतच. आणि तिथे काउंटरमागे ती बसते.

पौड रस्त्यावरच्या एका छोट्या कंपनीत ती आणि मी हाडातली पोकळी भरायचं सिमेंट तयार करत होतो. कॅल्शियम फॉस्फेटची पांढरी पूड द्रावात कालवली की तिचा लगदा होतो आणि थोड्या वेळात तो घट्ट होतो. पण रक्त लागलं की लगदा सुटायचा आणि घट्ट झालेला तुकडा खडूसारखा मोडायचा. म्हणून तिने द्रावात कोळंबीच्या कवचापासून काढलेलं पॉलिमर मिसळलं. ती माले गावची, फार्मसी शिकलेली, एसटीने यायची. पॉलिमर जास्त झालं की सेट व्हायला उशीर, कमी झालं की लगदा पाण्यात विरघळे. वजन लावलेली सुई तुकड्यावर टेकवून ती बघत बसायची. सुईचा ठसा उठेनासा झाला की मला हाक मारायची, "झालं बघा सर सेट."

तुकडे बनवणं तिचं काम, ते माझ्या खोलीतल्या यंत्रात दाबून फोडणं आणि किती जोराला फुटतात तो आकडा लिहिणं माझं. ते कोमट खारट पाण्यात ठेवून ओले असतानाच दाबायचे असा नियम होता, कारण शरीरात कोरडं काही नसतं. पण ओल्या तुकड्यांचा चिखल यंत्राला चिकटे. म्हणून पॉलिमर येण्याच्या आधीपासूनच मी तुकडे खिडकीत वाळवून दाबायचो. पॉलिमर आलं आणि वाळलेल्या तुकड्यांचे आकडे एकदम चढले. खळ घातलेली टोपी वाळली की कशी ताठ उभी राहते, तसं ते होतं. भिजल्यावर त्या टोपीचं काय होतं, हे मला ठाऊक होतं. पण साहेब खूश होते. मी सवय मोडली नाही.

तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणायची, "सर, तुमच्या खोलीत गेले की माझे तुकडे पैलवान होत्यात. खुराक काय देता?"

"मुळशीची हवा," मी म्हणायचो.

मग सिमेंट विकत घेऊ पाहणाऱ्यांनी आमचेच तुकडे भिजवून दाबले. त्यांना मिळालेले आकडे आमच्या आकड्यांच्या जवळपासही गेले नाहीत. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"चूक कुठं झाली?"

मी म्हणालो, "मिश्रण बिघडलं असावं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "मीच कालवलं होतं साहेब," ती म्हणाली.

तिची नोकरी गेली, पॉलिमरचं काम गुंडाळलं गेलं. मी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. मधेच वाळवणं थांबवलं तर कुणीतरी विचारील, या भीतीने पॉलिमर नसलेले साधे तुकडेही शेवटपर्यंत खिडकीत वाळवत राहिलो.

परवा खाली गेलो तेव्हा तिने स्टूल पुढे सरकवलं. "बसा सर. वॉकर हितं लावा. आपलं सिमेंट कंबरेत भरलं असतं तर आज पळाला असता तुमी."

मी हसलो. ती माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या काढत होती.

"पण माझ्या हातनं ते कसं बिघडलं, अजून कळत न्हाई बघा. कणीक भिजवताना पण आठवतं. द्राव जास्त पडला असंल."

"तुझं मिश्रण..." मी म्हणालो.

"काय सर?"

मागून कुणीतरी खोकल्याचं औषध मागितलं. ती तिकडे वळली. मला थांबता आलं असतं, बसायला स्टूल होतं. मी गोळ्या खिशात टाकल्या आणि वॉकर लिफ्टकडे वळवला.

दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली तेव्हा मी त्या पत्र्याच्या दाराला म्हणालो, "तुझं मिश्रण बरोबर होतं, पोरी. तुकडे मी वाळवत होतो. मला माफ कर."