पांढऱ्या गाडीचा पुढचा मालक

साऱ्या उज्जैनमध्ये गाडी वापरण्यासाठी नव्हे तर विकण्यासाठी विकत घेणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं प्राक्तन! माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. शोरूममधून नवी गाडी बाहेर काढतानाच त्यांच्या डोळ्यांपुढे तिचा पुढचा मालक उभा असायचा. रंग कायम पांढरा, कारण पांढरी पटकन विकली जाते. मेहुणीला मरून रंग फार आवडे. तिला त्यांनी मरून साड्या घेऊन दिल्या. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच राही, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांच्या गाडीतून उतरणारा पाहुणा सीटपासून सोलून काढावा लागे. एकदा नव्या गाडीच्या पूजेला गुरुजी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला वाकले, तर साडूभाऊंनी खिशातून पारदर्शक प्लॅस्टिक काढून पसरलं. "इस पर बनाइए, गुरुजी. कुंकू रंग पकड़ लेता है।" गुरुजी म्हणाले, "यजमान, फिर आशीर्वाद भी प्लास्टिक पर ही उतरेगा।" "उतरने दीजिए. अगले मालिक को दे देंगे।"

मी जळायचो, हे इथेच सांगून टाकतो. माझी गाडी विकायला काढली की बघायला येणारे आधी माझं सांत्वन करत. साडूभाऊंच्या दाराशी मात्र गिऱ्हाइकं ताटकळत उभी. कुणी विचारलं, "कितनी चली है, अंकल?" तर हे शांतपणे म्हणत, "चली नहीं है बेटा, टहली है।" सासूबाईंपासून सगळं सासर त्यांच्या सल्ल्याशिवाय सायकलसुद्धा घेत नसे. लग्नाच्या पंगतीत लोक जिलबी सोडून त्यांच्या तोंडून इंजिनाचे सीसी, अ‍ॅव्हरेज आणि ग्राउंड क्लिअरन्स ऐकत बसत, आणि मी बापडा मठ्ठा वाढत फिरे.

त्यांच्या शेवटच्या गाडीवर मात्र माझा जीव जडला. बाराशे सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. सिग्नलला उभी असली की चालू आहे की बंद, कळत नसे. मी ती मागितली. त्यांनी माझी परीक्षा घेतली. मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र धरून ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चला, नानाखेड्यापर्यंत." टावर चौक मी श्वास रोखून पार केला. पुढे एक म्हैस रस्त्याच्या मधोमध कसल्याशा विचारात उभी राहिली. घरी परतलो तेव्हा फुलपात्र रिकामं होतं आणि साडूभाऊंची पँट ओली.

"साडूभाऊ, माणूस म्हणून तुम्ही लाखात एक," ते मला दोघी बहिणींसमोर म्हणाले, "पण क्लचवर पाय ठेवून चालवता. तुमच्या हातात हिची रिसेल राहायची नाही."

"जिजाजी, लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय यांना!" आमची ही म्हणाली.

त्यानंतर ती गाडी रस्त्यात दिसली की मी मान फिरवून घेई आणि मग आरशातून दिसेनाशी होईपर्यंत बघत राही.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलीने दोघांना कायमचं पुण्याला बोलावलं. तिच्या सोसायटीत दुसऱ्या गाडीला जागा नव्हती. इंदूरचा एक दलाल आला, त्याने उत्तम किंमत सांगितली. मी समोर चहा घेत, नव्हे गिळत, बसलो होतो. साडूभाऊंनी त्याला दारापर्यंत पोचवलं, परत आले आणि किल्ली माझ्या बशीशेजारी ठेवली.

"भाऊसाहेब, मी तर नापास झालोय ना?" मी विचारलं.

"नापासच आहात. पण तो हिला कुठे पाठवेल, कुणाला ठाऊक? तुमच्याकडे असली तर विचारता तरी येईल."

किंमत मात्र दलालाने सांगितली तीच घेतली. साडू म्हणून पैसा सोडला असता तर मलाच गाडीबद्दल संशय आला असता.

आता दर रविवारी सकाळी पुण्याहून फोन येतो. "सुरू करा." मी गाडी सुरू करून फोन बॉनेटपाशी धरतो. "एअर फिल्टर साफ करा," असा निकाल येतो, तो खरा निघतो, आणि मी पुन्हा नव्याने जळतो. गाडी माझ्या दारात, पण तिच्या मनातलं कळतं पुण्यात!

परवाच्या रविवारी मात्र निकाल येईना. मी घाबरलो. "काय झालं? इंजिनात काही आहे का?"

"नाही, इंजिन छान आहे. बंद करा ते."

मी बंद केलं.

"फोन मात्र तसाच धरा थोडा वेळ. कोपऱ्यावरचा पोहेवाला ओरडतोय ना?"

कोपऱ्यावर पोहेवाला कुणाला तरी दटावत होता, "सेव कम लगे तो माँग लो भैया, मुँह मत बनाओ!" मी फाटकापर्यंत गेलो आणि हात लांब करून फोन रस्त्याच्या बाजूला धरला.